शनिवारी फोडणी नको

"अजून एक किटली मागवू या," हेरंबराव म्हणाले.

टेबलावरची किटली अजून अर्धी भरलेली होती. तिच्यावरची लोकरीची टोपी काढून मी आत डोकावले. "हा काय, चहा आहे की अजून."

"तो गार झाला असेल, आई."

किटलीला बोट लावलं तर चटका बसत होता. जरा आधी हेरंबरावांचा पालथा ठेवलेला फोन टेबलावर थरथरला होता. त्यांनी तो उचलून वाचला, समोर बसलेल्या केतकीकडे बघितलं, आणि केतकीनं मान अगदी थोडीशी हलवली होती. नाही, अशी. त्यानंतर किटली मागवायचं निघालं.

माझ्या शेजारी हे आपल्याच उद्योगात होते. स्कोन नावाचा तो गोल, भुसभुशीत पाव त्यांनी मधोमध उघडला होता आणि त्यावर जाम आधी लावायचा की क्रीम, याचा विचार चालला होता.

"अगं, ही तर साय आहे," हे म्हणाले. "आपण हिला विरजण लावतो, हे लोक लावत नाहीत. एवढाच काय तो फरक."

"डॉक्टरांनी काय सांगितलंय?"

"डॉक्टरांनी सायीचं सांगितलंय. हिला इकडे क्लॉटेड क्रीम म्हणतात."

हेरंबराव हसले आणि यांच्या बशीतलं निम्मं क्रीम त्यांनी चमच्यानं हळूच आपल्या बशीत ओढून घेतलं. यांनी बघून न बघितल्यासारखं केलं. एवढ्यात ॲप्रन बांधलेली पांढऱ्या केसांची बाई आली आणि यांच्याकडे वाकून काहीतरी लाडानं बोलली.

"काय म्हणाली ती?" यांनी विचारलं.

"आणखी काही हवं का, डक, असं म्हणाली," केतकी म्हणाली. "या भागात सगळ्यांना तसंच म्हणतात, बाबा. बदक."

"मला आजवर साहेब म्हणाले, फोरमन म्हणाले, मागून काय काय म्हणाले," हे म्हणाले. "बदक पहिल्यांदाच."

सगळे हसले. मीही हसले. पण माझं लक्ष त्या फोनवर होतं. दुसरी किटली आली, तिला कुणी हात लावला नाही. पुन्हा फोन थरथरला, हेरंबरावांनी वाचला आणि लगेच म्हणाले, "चला, निघू या का?"

गोष्ट दहा-अकरा वर्षांपूर्वीची आहे. केतकी आमची एकुलती एक मुलगी. लग्न करून इंग्लंडला डर्बी नावाच्या गावात गेली. हेरंबराव तिथं विमानाच्या इंजिनांच्या कारखान्यात इंजिनिअर, केतकी एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये. आमचं घर मिरजेला. हे एसटीच्या वर्कशॉपमध्ये फोरमन म्हणून निवृत्त झालेले, त्यामुळे जावई इंजिनांतला आहे याचं यांना फार कौतुक. मी मराठी शाळेत पहिलीचा वर्ग सांभाळत असे. आदल्या वर्षी यांची बायपास झाली होती. बरे झाल्यावर डॉक्टरांनी विमानप्रवासाला हो म्हटलं, आणि आम्ही पहिल्यांदाच लेकीचा संसार बघायला दोन महिन्यांसाठी गेलो.

दर शनिवारी हेरंबराव आम्हाला गाडीतून कुठंतरी न्यायचे. डर्बीच्या वर डोंगराळ मुलूख आहे, दगडी कुंपणांचा, मेंढ्यांचा. तिथल्या एखाद्या गावात थोडं फिरायचं, आणि मग दुपारी टीरूममध्ये. टीरूम म्हणजे आपल्याकडच्या हॉटेलासारखं नाही. एखाद्या म्हाताऱ्या मावशीच्या बैठकीत बसल्यासारखं वाटतं. फुलाफुलांच्या कपबशा, खिडकीत लेसचे पडदे, तीन मजली थाळ्यावर खाली काकडीची सँडविचं, मध्ये स्कोन, वर केक. पहिल्या शनिवारी मला भरून आलं होतं. जावई एवढं करतोय आपल्यासाठी! दुसऱ्या शनिवारी बरं वाटलं. हा तिसरा, बेकवेल गावातला. या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं की जावई आपल्याला फिरायला आणत नाहीयेत, घरातून बाहेर काढताहेत.

तसं वाटायला आणखीही कारणं होती. आम्ही पोचलो त्याच आठवड्यात, शुक्रवारी संध्याकाळी मी आमटीसाठी कढल्यात तेल घातलं, तर केतकी वरून धावत आली.

"आई, फोडणी नको!"

"अगं, उद्या सकाळपर्यंत पुरेल म्हणून करतेय."

"शनिवारी फोडणी नको. शुक्रवारी रात्रीपण नको. वास राहतो घरात."

"मग राहू दे की. घर आहे ते."

"नको म्हटलं ना."

तिनं गॅस बंद केला, खिडक्या उघडल्या आणि वासाची मेणबत्ती लावली. पुढं दर शुक्रवारी ती आणि हेरंबराव मिळून घर असं घासायचे की दुसऱ्या दिवशी लग्न आहे असं वाटावं. माझी वाळत घातलेली पातळं, यांच्या औषधांचा डबा, माझ्या उशाशी ठेवलेला गणपतीचा फोटो, सगळं कपाटात जायचं. शनिवारी सकाळी टेबलावर ताजी फुलं यायची. ती फुलं बघायला आम्ही घरात नसायचो.

मला आधी वाटलं, जावयांना आपली लाज वाटायला लागली आहे. आपल्या वासांची, आपल्या सामानाची. वाईट वाटलं, पण ते समजण्यासारखं होतं. बेकवेलहून परत आलो तेव्हा मात्र दार उघडताच मला एक परका वास आला. कुणीतरी लावलेलं गोडसर अत्तर. वर आमच्या खोलीत गेले तर कपाटाचं दार नीट लागलेलं नव्हतं आणि माझी पातळं एका बाजूला सरकवलेली होती.

"केतकी, कामवाली येते का गं तुमच्याकडे?"

"इथं कुठली कामवाली?"

"मग घरात कोण येऊन गेलं?"

ती पाठमोरी होती. "कोण येणार? तुझं आपलं काहीतरीच."

पहिलीतली पोरं खोटं बोलताना पाठ फिरवतात. तोंड बघितलं की बाईंना कळतं, हे त्यांना ठाऊक असतं. केतकी माझ्याच वर्गात शिकली होती.

त्या रात्री मी यांना म्हटलं, "मला या घरात काहीतरी वेगळं वाटतंय."

"घर वेगळंच आहे. इंग्लंडात आहे," हे म्हणाले आणि कुशीवर वळले.

यांना फार काही सांगायची सोय नव्हती. बायपासनंतर केतकीनं फोनवर शंभरदा बजावलं होतं, बाबांना कसलाही ताण द्यायचा नाही. मी आपली एकटीच बघत राहिले.

बघायला लागलं की दिसतं. हेरंबराव झोपायला त्यांच्या खोलीत जात नव्हते. जिन्याच्या वर एक लहानशी खोली होती, कॉम्प्युटर ठेवलेली, तिथं ते झोपत. मी विचारलं तर म्हणाले, "मी घोरतो ना आई, केतकीची झोप मोडते." लग्नाला अकरा वर्षं झाल्यावर घोरायला लागलं का माणूस? जेवताना दोघं एकमेकांशी फार चांगलं बोलत. "मीठ देतेस का?" "हो, हे घे." "थँक्यू." पाहुण्यांसारखं. एकदाही आवाज चढला नाही. नवराबायकोत एकदाही आवाज चढत नाही, तेव्हा मला कसंतरीच होतं.

आणि मग एका संध्याकाळी मी मागच्या बागेत कपडे काढायला गेले. हेरंबराव कुंपणापाशी पाठ करून फोनवर बोलत होते. इंग्रजीत. मला इंग्रजी बोलता येत नसलं तरी समजतं. ते विचारत होते, लहान मुलीला खोली आवडली का? मग थोडं ऐकून म्हणाले, हो, त्या खोलीत सकाळचं ऊन येतं, तिला बरं वाटेल.

इतक्या हळुवारपणे बोलले की माझ्या हातातला चिमटा खाली पडला. त्यांनी वळून बघितलं. "ऑफिसचं काम," ते म्हणाले.

सकाळचं ऊन येणारी खोली त्या घरात एकच होती. आमची.

चौथ्या शनिवारी आम्ही नदीकाठच्या कुठल्याशा गावाला जाऊन आलो. तिथला चहा कसा होता, केक कसला होता, मला काही आठवत नाही. घरी आल्याबरोबर मी वर गेले, दार लोटलं आणि खोली नीट बघितली. कपाट, पलंग, पडदे. खिडकीखाली गालिच्यावर मला केसांची एक पिन दिसली. लाल, तिच्यावर प्लास्टिकची छोटी स्ट्रॉबेरी. पाच-सहा वर्षांच्या मुलीची. वर्गात अशा पिना किती वेळा उचलून दिल्यात, त्यामुळे वयाचा अंदाज चुकायचा नाही.

केतकीला मूल नव्हतं. होत नव्हतं. त्याबद्दल आम्ही विचारणं कधीच सोडून दिलं होतं.

मी ती पिन पर्समध्ये टाकली आणि पलंगावर बसून राहिले. आता सगळं एका सुतात बसत होतं. आपल्याला घरातून न्यायचं, फोनवर निरोप येईपर्यंत टीरूममध्ये चहा पाजत बसवायचं, आणि तेवढ्या वेळात इथं कोणी बाई तिच्या मुलीला घेऊन येणार. घर बघणार. कपाटं उघडणार. आणि माझ्या लेकीला हे सगळं ठाऊक आहे, फुलंही तीच आणते! का? कसल्या दबावाखाली? खालून यांचा आवाज येत होता. हेरंबराव यांना टर्बाइनचं पातं कसं थंड ठेवतात ते समजावून सांगत होते आणि हे मधूनमधून "वा! वा!" म्हणत होते. मला त्या "वा"चाही राग आला.

तो सगळा आठवडा मी हेरंबरावांच्या हातचा चहासुद्धा घेतला नाही. काही ना काही निमित्त सांगितलं. त्यांच्या ते लक्षात आलं असावं.

शनिवारी सकाळी मी खाली आले ती गुडघा धरून.

"माझं आज जमायचं नाही," मी सोफ्यावर बसत म्हटलं. "तुम्ही तिघं जाऊन या. मी पडून राहते."

केतकीच्या हातात फुलांची बरणी होती. ती तशीच उभी राहिली. "अगं, पण... नाही आई, तुला एकटीला कसं ठेवणार?"

"का? मी काय लहान आहे?"

"गाडीतून तर जायचंय. चालायचं नाहीच."

"बसूनपण दुखतंय."

"मग आपण कुणीच नको जाऊ या," हे म्हणाले. "घरीच चहा करू. स्कोन दुकानात मिळतात ना, हेरंबराव?"

केतकीनं हेरंबरावांकडे बघितलं. ते जिन्याच्या कठड्याला धरून उभे होते. माझ्यासमोर गुडघ्यांवर बसले. "आई, चला ना. मी दारापर्यंत गाडी नेतो. तुम्हाला हात देतो. प्लीज."

त्यांच्या चेहऱ्यावर मला कावेबाजपणा दिसायला हवा होता. मी तो शोधतही होते. पण तिथं फक्त दमणूक होती, कित्येक दिवस झोप न झाल्यासारखी. तरी माझं मन मऊ झालं नाही. मी उठले. यांच्यासमोर तमाशा नको म्हणून उठले, आणि गाडीत बसता बसता ठरवलं, आज विचारायचंच.

ते गाव लहान होतं. मधोमध तळं, तळ्यात बदकं, आणि समोर टीरूम. तिथं पूर्वी म्हणे गावची शाळा होती. आत भिंतीवर जुना फळा अजून होता आणि त्यावर खडूनं केकची नावं लिहिली होती. एरवी मी त्या फळ्यापाशी जाऊन उभी राहिले असते. आम्ही खिडकीपाशी बसलो. चहा आला. हे आता सराईत झाले होते. दूध कपात आधी घालायचं की नंतर, यावर केतकीशी वाद घालत होते. हेरंबरावांचा फोन टेबलावर पालथा होता.

"मला जरा बाहेर उभं राहायचंय," मी म्हटलं. "गुडघा आखडला. हेरंबराव, येता का माझ्याबरोबर?"

"मी येते," केतकी उठायला लागली.

"तू बाबांजवळ बस."

आम्ही तळ्यापाशी गेलो. मी पर्स उघडली आणि ती पिन काढून त्यांच्या तळहातावर ठेवली.

"ही कुणाची?"

त्यांनी ती उलटसुलट करून बघितली. "कुठं मिळाली?"

"आमच्या खोलीत. सकाळचं ऊन येतं ना, त्या खोलीत."

त्यांनी मान वर केली. "आई, तुम्हाला काय वाटलं?"

"मला काय वाटायचं ते वाटलं. तुम्ही सांगा. दर शनिवारी आम्हाला इथं बसवून ठेवता आणि घरात कोण येतं? ती मुलगी तुमची आहे का?"

मला वाटलं ते चिडतील, किंवा खाली बघतील. त्यांच्या ओठांवर हसू आल्यासारखं झालं, आणि त्याच वेळी डोळे भरून आले. त्यांनी तोंड तळ्याकडे वळवलं.

"नाही, आई. ती एका गिऱ्हाइकाची मुलगी आहे."

"कसलं गिऱ्हाईक?"

"घराचं. आम्ही घर विकायला काढलंय. शनिवारी एजंट लोकांना घेऊन येतो, घर दाखवायला. त्या वेळी आपण घरात नसलेलं बरं असतं. वास, सामान... म्हणून."

मला एकदम हलकं वाटलं, आणि लगेच रागही आला. "एवढंच? मग लपवायचं कशाला? मोठं घर घेत असाल तर आम्हाला आनंदच होईल की!"

एक बदक पिलांना घेऊन पलीकडे निघालं होतं, त्याच्याकडे ते बघत राहिले.

"मोठं नाही," ते म्हणाले. "दोन घेतोय. लहान लहान."

मला ते कळायला थोडा वेळ लागला. कळलं तेव्हा मी खरोखरच गुडघा धरून बाकावर बसले.

"काय झालं?" मी विचारलं. "काय केलंत तुम्ही?"

"बाकीचं केतकीला विचारा, आई. मी सांगितलं तर ते माझ्या बाजूचं होईल."

पिन बाकावर ठेवून ते आत गेले. थोड्या वेळानं केतकी बाहेर आली. माझ्या चेहऱ्याकडे बघूनच तिला समजलं असावं. बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसली.

"त्याचं बाहेर काही आहे का?" मी विचारलं.

"नाही."

"हात उचलतो? दारू?"

"आई, काहीही काय! तू बघतेस ना त्याला."

"मूल नाही म्हणून?"

"ते त्यानं मला एकदाही बोलून दाखवलं नाही. एकदाही."

"मग झालं तरी काय त्याला?"

"त्याला काही झालं नाही. मी निघतेय, आई. त्याला नकोय हे. मला हवंय."

तळ्यापलीकडे कुणीतरी मुलाला हाका मारत होतं. माझा सगळा संशय गेले कितीतरी दिवस एकाच माणसाच्या मागं फिरत होता. मी वळून माझ्या मुलीकडे बघितलं.

"कुणी दुसरा...?"

"कुणीही नाही. तसं असतं तर सांगायला सोपं झालं असतं." तिनं साडीचा पदर ओढावा तसा जॅकेटचा कोपरा ओढला. "संध्याकाळी कामावरून येते ना, तर गाडी दारासमोर लावते आणि गाडीतच बसून राहते. अर्धा तास, कधी जास्त. आत दिवा दिसत असतो. तो स्वयंपाक करत असतो माझ्यासाठी. आणि मला आत जाववत नाही. दोन वर्षं झाली."

"चांगला आहे ना गं तो?"

"चांगलाच आहे. म्हणून तर कुणाला सांगता येत नाही."

आमच्या वेळी दारासमोर बसून राहायला गाडी नव्हती. आम्ही आत जात होतो. आत जाणं बरोबर होतं की बसून राहणं, हे मला त्या बाकावर कळलं नाही आणि खरं सांगायचं तर अजूनही नीट कळलेलं नाही.

"आम्हाला बोलावलंस कशाला मग?"

"तिकिटं आधी काढली होती. बाबा किती खूश होते. त्यांच्या छातीची जखम भरत नव्हती तेव्हा तो विमानाच्या गोष्टी सांगायचा त्यांना फोनवर. मी म्हटलं रद्द करू या. तोच म्हणाला, येऊ देत, दोन महिने मी सांभाळून घेईन. बाबांना यातलं काही कळू द्यायचं नाही, हे त्यानंच ठरवलं." ती रडायला लागली. "तू आता त्याच्यावर राग धरू नकोस."

"तुझ्यावर धरू?"

"धर."

मी नाही धरला. तिच्या पाठीवर हात ठेवला, एवढंच. पिन तिथंच बाकावर राहिली.

आत आलो तर हे खिडकीतून हात करत होते. "या, या! हेरंबरावांनी माझ्यासाठी लिंबाचा केक मागवलाय, आणि तुम्ही दोघी बदकं मोजताय. अगं, डोळे का लाल झालेत?"

"वारा आहे बाहेर."

मी बसले. हेरंबरावांनी किटली उचलली आणि माझ्याकडे बघून थांबले, ओतू की नको म्हणून. मी कप पुढं सरकवला. त्यांनी ओतला. थोडा चहा बशीत सांडला. यांनी आपला रुमाल दिला पुसायला.

त्या दिवसापासून माझं बघणं थांबलं नाही, फक्त दिशा बदलली. आता मी यांच्याकडे बघत असे. हे जरा गप्प बसले की वाटायचं, यांना कळलं की काय? रात्री हेरंबरावांच्या लहान खोलीचं दार वाजलं की मी मुद्दाम खोकायचे. पुढच्या शुक्रवारी औषधांचा डबा कपाटात मीच ठेवला, गणपतीचा फोटोही. केतकीनं माझ्याकडे बघितलं, मी तिच्याकडे बघितलं नाही.

घर त्या लहान मुलीच्या आईवडिलांनीच घेतलं. आम्ही निघायच्या आदल्या आठवड्यात व्यवहार ठरला. म्हणजे आमचा शेवटचा शनिवार आला तेव्हा कुणी बघायला यायचं नव्हतं. बाहेर जायची गरज उरली नव्हती. त्या सकाळी मी कढल्यात तेल घातलं, मोहरी, हिंग, कढीलिंब, सगळं घातलं. केतकी ओट्यापाशी उभी राहून तो तडतडाट ऐकत होती.

हे कोट घालून बैठकीत बसले होते. कुणी सांगितलं नव्हतं, पण शनिवार म्हणजे कोट, असं त्यांच्या अंगवळणी पडलं होतं. मी त्यांना सांगायला निघाले की आज जायचं नाही, एवढ्यात हेरंबराव जिना उतरून खाली आले. हातात गाडीची किल्ली.

"बाबा, निघायचं?"

"मी केव्हाचा तयार आहे! या दोघी?"

"त्यांचं स्वयंपाकाचं चाललंय. आज आपण दोघंच."

केतकी दारापर्यंत गेली आणि उंबऱ्याच्या आतच थांबली. खिडकीतून मला दिसलं, हेरंबरावांनी यांच्यासाठी गाडीचं दार उघडलं, पट्टा लावून दिला, मग वळसा घालून पलीकडे गेले. आणि गाडीत बसायच्या आधी टपावर दोन्ही हात टेकून थोडा वेळ तसेच उभे राहिले. ते दोघं संध्याकाळी परत आले. कुठं गेले, काय बोलले, मी विचारलं नाही. यांच्या मिशीला साय लागलेली होती.

मिरजेला आल्यावर मी यांना काही महिने सांगितलं नाही. डॉक्टरांची तपासणी होऊ दे, दिवाळी जाऊ दे, असं करत राहिले. जानेवारीत केतकीचा फोन आला की कोर्टाचं सगळं पूर्ण झालं. संक्रांत होऊन गेली होती. हे अंगणात खुर्ची टाकून पेपर वाचत होते. मी पाट घेऊन त्यांच्याजवळ बसले आणि सांगितलं. सगळं, पहिल्यापासून. घराचं, दोन लहान घरांचं, गाडीत बसून राहण्याचं.

मी त्यांच्या छातीकडे बघत होते. हात छातीकडे जातोय का, श्वास कसा चाललाय. हे हलले नाहीत. पेपरची घडी घातली, पुन्हा उघडली, पुन्हा घातली.

"त्यानं तुला सांगितलं नाही तिच्याविरुद्ध काही?"

"एक शब्द नाही."

"आज वार कोणता?"

"शनिवार."

त्यांनी घड्याळात बघितलं आणि मनाशी काही हिशोब केला. संध्याकाळ झाली होती. तिकडे दुपार असणार.

"मग आता शनिवारचा कुठं जात असेल तो?" हे म्हणाले. "फोन लाव."

"केतकीला?"

"तिच्याशी बोलतो मी रात्री. आधी त्याला लाव."

"अहो, काय बोलणार तुम्ही? आता काय नातं राहिलं आपलं?"

"तू लाव."

मी लावला. बराच वेळ वाजला. उचलणार नाहीत असं वाटलं, आणि तसं झालं तर बरं, असंही वाटलं. मग पलीकडून आवाज आला. "हॅलो... बाबा?"

यांनी फोन दोन्ही हातांनी धरला होता. लग्नाला अकरा-बारा वर्षं झाली होती. हेरंबराव वयानं मुलासारखे, पण पडले जावई. इतक्या वर्षांत यांनी त्यांना अहो-जाहोशिवाय कधी हाक मारली नव्हती.

हे दोनदा खाकरले.

"हेरंब," हे म्हणाले, "जेवलास का रे?"